अकरा सेकंदांचे सात मार्क

इंटरनलचे मार्क भरायला बसलं की आधी भेळ मागवायची, हा विभागाचा रिवाज हर्षद मगदूम तिथं लागायच्या आधीपासूनचा. सेमिस्टरचा शेवटचा शनिवार असायचा. विभागप्रमुख चौगुले सर शिपाईमामांना कोपऱ्यावर पाठवायचे, भेळ यायची, पुड्या सुटायच्या. एका हातानं खायचं, दुसऱ्या हातानं तक्ता भरायचा. चाळीसपैकी मार्क. रोज दिसणाऱ्या पोराला तीस-बत्तीस, अधूनमधून उगवणाऱ्याला सव्वीस, असं सगळं अंदाजपंचे. प्रकल्पाच्या फाइली कपाटात आणि कपाट बंद. किल्ली नक्की कुणाकडे असते हेही कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं.

यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. हर्षदलाही नाही. नऊ वर्षं तो तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होता, म्हणजे तास घेईल तेवढ्यापुरता मास्तर आणि सुट्टी लागली की कुणीच नाही. तीन गावांतली तीन कॉलेजं, आठवड्याला अठ्ठावीस तास, मधल्या वेळात एसटी. बासष्ट पोरांचे बासष्ट प्रकल्प, प्रत्येकी चाळीस पानं, तीही हातानं लिहिलेली. टाइप केलेलं नेमकं कुणी लिहिलंय ते कळेनासं झाल्यावर विद्यापीठानंच हाताचा नियम आणला होता. वाचणार कोण? आणि कधी?

त्या शनिवारी त्यानं एकसष्ट नावांपुढं चार मिनिटांत मार्क टाकले. एकाच नावापुढं पेन थांबलं. रोल नंबर चार, कार्तिकी महादेव आवटी. चांगलं अकरा सेकंद थांबलं.

"काय रे, पेन धरून डोळा लागला का?" चौगुले सर म्हणाले.

"मिरची आली सर दाताखाली."

मग त्यानं अडतीस लिहिलं आणि पुढच्या नावाकडे गेला.

आता या पेनाचं सांगायला पाहिजे. ते विद्यापीठानं दिलेलं पेन होतं. दिसायला साधं, फक्त वरच्या टोकाला मोहरीएवढा दिवा. आत दाब मोजणारी एक चकती आणि एक घड्याळ. टोक कागदावर किती जोरात टेकलं, आकडा किती वेगानं उमटला आणि मुख्य म्हणजे आकडा लिहिण्याआधी हात हवेत किती रेंगाळला, हे सगळं ते टिपायचं.

त्यामागचा शोध तसा सरळ होता. संशोधकांनी काही हजार परीक्षकांना तेच ते पेपर सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा तपासायला दिले. पहिल्या वेळी जिथं हात पटकन चालला होता, तिथं दुसऱ्या वेळीही जवळपास तेवढेच मार्क पडले. जिथं हात रेंगाळला होता, तिथं दुसऱ्यांदा पाच-सात मार्कांचा फरक. म्हणजे तोंडानं माणूस कितीही ठाम बोलू दे, त्याची शंका हात सांगून टाकतो. यावरून 'निकष' नावाची प्रणाली तयार झाली. परीक्षकाच्या प्रत्येक आकड्याला ती शून्य ते एकमधला खात्रीचा आकडा लावायची. खात्री पूर्ण असेल तर मार्क जसेच्या तसे. खात्री कमी पडली, की तेवढ्या प्रमाणात मार्क वर्गाच्या सरासरीकडे ओढले जायचे.

हर्षद हे स्वतः वर्गात शिकवायचा. "बेदाण्याची पेटी काट्यावर ठेवली. रोजच्या पेट्या पंधरा किलोच्या भरतात. आज काटा बावीस दाखवतोय, पण काटा हलतोय. किती धराल?"

"काटा किती हलतोय त्यावर आहे सर," पहिल्या बाकावरून कार्तिकी म्हणाली होती. "थोडा हलत असंल तर एकवीस. गदगदा हलत असंल तर सोळा."

अख्ख्या वर्गात तेव्हा तिला एकटीला ते कळलं होतं.

दोन वर्षं 'निकष' फक्त उत्तरपत्रिकांना लावत होते. झकास चाललं. फेरतपासणीचे अर्ज निम्म्यावर आले. या वर्षी विद्यापीठानं ते इंटरनललाही लावलं. तसं परिपत्रक आलं, चौगुले सरांनी सही करून फाइलला लावलं. पेनांचा खोका आला तेव्हा सगळ्यांनी रद्दी कागदावर गिरगिटून बघितलं. चांगली चालतात म्हणाले.

प्रणाली बांधणाऱ्यांनी पुष्कळ विचार केला होता. परीक्षक दमलेला असेल, चिडलेला असेल, त्याला चष्मा बदलायला झाला असेल, सगळं धरलं होतं. एक गोष्ट तेवढी त्यांच्या स्वप्नातही आली नाही. माणूस न वाचता मार्क देऊ शकतो, आणि न वाचता दिलेल्या मार्कांइतका बेधडक हात कशालाच चालत नाही.

*

निकाल जूनच्या पहिल्या मंगळवारी लागला. बुधवारी सकाळी कार्तिकी विभागात आली. हातात वहीचं फाडलेलं पान.

"सर, दोन मिनिटं?"

"बस की. बघितला मी निकाल."

ती बसली नाही. "परीक्षेत साठपैकी सेहेचाळीस. त्याबद्दल काही म्हणणं नाही. इंटरनल एकतीस. एकूण सत्त्याहत्तर. पुण्याला ऐंशी लागतात."

हे सगळ्या विभागाला माहीत होतं. पुण्यातल्या एका संस्थेत एम.एस्सी.च्या तीन जागा थेट भरायच्या होत्या. मुख्य विषयात ऐंशी असले की झालं. प्रवेशपरीक्षा एप्रिलमध्ये होऊन गेली होती, आणि त्याच दिवशी कार्तिकीची इथं प्रॅक्टिकल होती. म्हणजे एवढी एकच वाट. महिनाअखेरपर्यंत निकालपत्र पोचवायचं, नाहीतर जागा पुढच्याला.

"तीन मार्कांसाठी..." हर्षद म्हणायला लागला.

"थांबा सर, मला वेगळंच विचारायचंय." तिनं पान टेबलावर पसरलं. "निकालपत्रावर खात्रीचा आकडा छापलाय. माझा शून्य पूर्णांक तीन. वर्गाची सरासरी मी सगळ्यांना विचारून काढली, अठ्ठावीस आली. मग उलटं गणित केलं. एकतीस यायला तुम्ही मला अडतीस दिलेले असणार."

"दिले होते."

"म्हणजे वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला, आणि सगळ्यात कमी खात्रीपण माझीच. बाकी सगळी पॉइंट पंच्याण्णवच्या वर. वरुण शेटेनं त्याच्या भावाची मागल्या सालची फाइल कव्हर बदलून दिली. पान सोळावर भावाचं नाव आहे तसं आहे सर! त्याला तेहतीस. खात्री पॉइंट सत्त्याण्णव."

हर्षदनं पानावर नजर ठेवली. गणित नीट मांडलेलं होतं. त्यानंच शिकवलेलं.

"मी दुसऱ्याकडून करून घेतलं असं वाटलं का तुम्हाला?"

"नाही गं."

"मग शंका कसली आली? बेदाण्याच्या सहा शेड, एकवीस दिवस. रोज संध्याकाळी काटा घेऊन स्वतः गेलेय मी. नसेल चांगलं तर नाही म्हणा. पण अडतीस लिहून मनात शंका ठेवली, हे काय सर?"

ती पान तिथंच ठेवून गेली.

उत्तर होतं. फार साधं होतं, म्हणून तर देता येत नव्हतं. तिचा प्रकल्प त्यानं वाचला होता. त्यातही काही मोठेपणा नव्हता. परीक्षेच्या सुपरव्हिजनला मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, आणि त्या दिवशी हातात तिनं नुकतीच आणून दिलेली तेवढीच एक फाइल होती. वेळ जाईना म्हणून उघडली. द्राक्षं वाळून बेदाणा होताना रॅकच्या कुठल्या थरातलं वजन रोज किती उतरतं, याच्या नोंदी. सगळे शेडवाले दिवस मोजून माल काढतात. पोरीनं दाखवून दिलं होतं की खालचे दोन थर दोन दिवस ओलेच राहतात, आणि पुढं खोक्यात बुरशी धरते ती तिथूनच. वाचता वाचता शेवटची घंटा झालेली त्याला कळली नव्हती. एका पोरानं येऊन "सर, पेपर घ्या" म्हणून हलवलं.

अडतीस मार्क त्याचे पक्के होते. त्या अकरा सेकंदांत शंका प्रकल्पाबद्दल नव्हतीच. डोक्यात आलं ते एवढंच, की ही महादेवमामांची मुलगी. महादेव आवटी, विभागाचे शिपाई, आत्ता भेळ घेऊन आले तेच. लोक म्हणतील, शिपायाच्या पोरीला झुकतं माप दिलं. आणि जूनच्या अठरा तारखेला मुलाखत. नऊ वर्षांत पहिल्यांदा कायमची जागा निघालेली, निवड समितीत चौगुले सर. चौतीस देऊन मोकळं व्हावं का? ...जाऊ दे, अडतीस.

एवढाच विचार. त्याचे सात मार्क.

*

"विरामाचा खुलासा म्हणून अर्ज असतो," चौगुले सर म्हणाले. "दे की. फोन आला होता म्हणून टाक. सगळे तेच टाकतात."

"ते अर्ज त्याच पेनानं लिहून घेतात सर. समोर बसवून."

"मग सराव कर." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे बघ हर्षद. पोरगी गुणी आहे, मला कळतंय. पण तिथं गेलास की ते तुझा सगळा तक्ता उघडणार. बासष्ट ओळी. त्या एका ओळीबद्दल बोलायला जाशील आणि बाकीच्यांचं निघेल. तू काय एकट्याचं सांगणार नाहीस, सगळ्या विभागाचं सांगशील. अठरा तारीख लक्षात आहे ना?"

"आहे सर."

"मी काही धमकी देत नाही बरं का."

"माहीत आहे सर."

आणि ते खरं होतं. चौगुले सर वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि दमले होते, बस.

बाहेर व्हरांड्यात महादेवमामा बाकावर बसले होते. हर्षदला बघून उठले.

"सर, पोरगी काय बोलली आसंल तर मनावर घिऊ नका. मी सांगितलंय तिला, सर काय मुद्दाम कमी द्यायचे न्हाईत."

"मी कमी दिले नव्हते मामा."

"मग झालं की," मामा म्हणाले. मामांनी बाकावरची धूळ फडक्यानं झटकली, जी तिथं नव्हती.

*

रविवारी सकाळी हर्षद स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सराव करत होता. 'मार्क भरताना मला फोन आला होता.' पेनाचा दिवा पिवळा, म्हणजे खात्री नाही. पुन्हा लिहिलं. पिवळा. जरा जोरात, झरझर लिहिलं. पिवळाच.

प्राची, त्याची बायको, मेडिकलच्या दुकानात सहा दिवस उभी असायची, रविवारी तेवढी बसायची. शेंगा सोलत बघत होती.

"दे इकडं." तिनं पेन घेतलं आणि लिहिलं: 'माझा नवरा शहाणा आहे.' दिवा पिवळा झाला. "चांगलं चालतंय की पेन."

त्याला हसू आलं. तिलाही. मग ती परत शेंगांकडे वळली.

"तिचाच का वाचलास?"

"सुपरव्हिजनला होतो. मोबाइल नव्हता."

"म्हणजे मोबाइल असता तर तिला तीस मिळाले असते आणि खात्री शंभर टक्के."

"हो. आणि तीस तसेच राहिले असते."

"आणि वाचला म्हणून एकतीस."

"हो."

"काय डोकं चालवलंय रे लोकांनी." तिनं टरफलं गोळा केली. "हे बघ, मला त्या पोरीचं वाईट वाटतं. पण तिला पुढल्या वर्षी परीक्षा देता येईल. तुझी ही जागा पुढल्या वर्षी नाही येणार. पुढच्या नऊ वर्षांतही नाही येणार. हे बोलते म्हणून मी वाईट होते का?"

"नाही."

"मग ठरव तू. फक्त काय करशील ते मला तुझ्याकडून कळू दे. शेजारच्यांकडून नको."

त्यानं कोरा कागद ओढला. मग म्हणाला, "खरं कारण लिहितो. मामांची मुलगी म्हणून थांबलो होतो. तेवढंच. बाकीचं काढायची गरज नाही."

त्यानं ते लिहून बघितलं. दिवा हिरवा झाला. दोघांनाही जरा बरं वाटलं.

*

विद्यापीठाच्या 'निकष' कक्षात इनामदार मॅडम नावाच्या बाई बसायच्या. टेबलावर फाइलींचा ढीग, एका कोपऱ्यात अर्धा खाल्लेला डबा. हर्षद आत गेला तेव्हा त्यांनी वर बघितलंही नाही.

"फोन आला होता?"

"नाही."

आता त्यांनी वर बघितलं. "या आठवड्यातले एकशे चाळीस अर्ज झाले. एकशे एकवीस जणांना नेमका तेव्हाच फोन आला होता. बसा. काय झालं होतं?"

त्यानं सांगितलं. शिपायांची मुलगी, लोक काय म्हणतील, मुलाखत, पुण्याची महिनाअखेरची मुदत. मॅडमनी शांतपणे ऐकलं.

"हे लिहून देऊ नका," त्या म्हणाल्या.

"का? खरं आहे."

"खरं असेल. पण याचा अर्थ, मार्क देताना विद्यार्थिनी कुणाची कोण हा विचार तुमच्या मनात होता. नियमानं त्या मार्कांची खात्री शून्य होते. मग ती थेट सरासरीवर येईल. एकतीसचे अठ्ठावीस."

"अहो, पण मार्कांबद्दल माझ्या मनात शंका नव्हतीच! तिचा प्रकल्प मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलाय, म्हणून तर..."

तो थांबला.

मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. बासष्ट उभ्या रेघा. एकसष्ट बुटक्या, गवतासारख्या एकसारख्या. आणि चौथ्या जागी एक ताड.

"मी काही विचारत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी फक्त तक्ता दाखवतेय. मीही चौदा वर्षं शिकवलंय, सर. दोन बिस्किटपुडे आणि एक तक्ता, असा आमचा शनिवार असायचा."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला झटत होतं. ती सुरू होईना.

"दुसरा काही मार्ग?" त्यानं विचारलं.

"अर्ज मागं घ्या. घरी जा. सत्त्याहत्तर राहतील. कुणाला काही कळणार नाही."

"आणि नाही घेतला तर?"

"काय लिहिताय त्यावर आहे. सगळ्यांचे वाचले असं लिहून बघा हवं तर. पेन ऐकतंय का बघू."

ते पेन काही ऐकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"समजा, दुसरं लिहिलं. मग काय होतं?"

"तुमचा अख्खा तक्ता रद्द. बासष्ट फाइली बाहेरच्या परीक्षकाकडे. तिचीही. तुमचे अडतीस संपले, तो माणूस देईल ते खरे. बावीसही देईल. तुमचा परीक्षेचा अधिकार तीन वर्षं बंद. आणि परीक्षेचा अधिकार नसलेल्याची नेमणूक होत नाही, हे तुम्हाला माहीत असेल."

"म्हणजे मी सगळं सांगूनही तिला ऐंशी मिळतीलच असं नाही."

"नाही."

हर्षदला एकदम खूप थकल्यासारखं झालं. नऊ वर्षांची एसटी एकदम अंगावर आली. वाटलं, टेबलावर डोकं ठेवून अर्धा तास झोपावं, बाई काही म्हणणार नाहीत. पोरीनं विचारलेलं तेवढं डोक्यातून जाईना. शंका कसली आली, एवढंच तर विचारलं होतं तिनं. सगळ्या बासष्ट जणांत एकीचंच काम बघितलं आणि तिलाच वाटलं, आपल्यावर विश्वास ठेवला नाही.

"द्या कागद," तो म्हणाला.

त्यानं लिहिलं: 'मी फक्त रोल नंबर चारचा प्रकल्प वाचला. बाकीचे एकसष्ट उघडलेले नाहीत.' हात कुठं अडला नाही. दिवा हिरवा.

मॅडमनी आकडा बघितला. "पॉइंट नव्व्याण्णव. इथं एवढा कधी आला नव्हता." त्यांनी हात पुढं केला. "पेन जमा करा, सर. फाइलींवर तातडीचं लिहिते. महिनाअखेर म्हणालात ना?"

*

प्राचीला त्यानं स्टँडवरूनच फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलास का?" आणि मग, "दुकानात गिऱ्हाईक आहे, ठेवते." संध्याकाळी घरी आली तर डोळे सुजलेले. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आठवडाभर घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

चौगुले सरांचा फोन सतरा तारखेला आला. "उद्या येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण येऊन काय करणार? यादीत नाव नाही." जरा थांबून म्हणाले, "आमचेही तक्ते मागवलेत. उद्या कपाट उघडायचंय. किल्ली सापडत नाहीये."

मामा घरी आले होते. उंबऱ्यातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"सर, माज्या पोरीसाठी केलं आसं मला सांगू नका. ते वझं मला उचलायचं न्हाई."

"तुमच्या पोरीसाठी नाही केलं मामा. वाचलं नव्हतं, ते वाचलं नव्हतं म्हणालो. एवढंच."

मग पेन का थांबलं होतं तेही त्यानं सांगितलं. मामांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. पण जाताना पायरीवर टेकले, पाणी मागितलं आणि भांडं रिकामं होईपर्यंत बसले.

*

अठ्ठावीस तारखेला हर्षद कॉलेजात गेला तो लायब्ररीची पुस्तकं परत करायला. नवा निकाल सकाळीच लागला होता. पोरं अंगावर येतील अशी मनाची तयारी करून गेला होता. सात जण इंटरनलला नापास झाले होते, वरुण शेटे त्यांत पहिला. गेटवर तो दिसला, हर्षदला बघून जमिनीवर थुंकला आणि निघून गेला. ते बरोबरच होतं.

पण विभागाच्या व्हरांड्यात शांतता होती. तीसेक पोरं तरी असतील. कुणी भिंतीला टेकून, कुणी पायऱ्यांवर, आणि सगळी खाली मान घालून वाचत होती. बाहेरच्या परीक्षकानं प्रत्येकाच्या फाइलीला अर्धं पान शेरा जोडला होता. बासष्ट अर्धी पानं. मार्क एका ओळीत होते, पोरं वाचत होती ते त्याच्या खालचं.

कार्तिकी समोर आली. "छत्तीस. एकूण ब्याऐंशी. कागद सकाळीच पाठवले, पोचल्याची पावती आली."

"बरं झालं."

"तुमच्यापेक्षा दोन कमी. पान बावीसवर आलेखाची पट्टी मी शून्यापासून सुरू केली नाही, त्यामुळं उतार उगाच मोठा दिसतो म्हणे. तुम्हाला नव्हतं दिसलं?"

"नाही गं."

"मलापण नाही." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "सर, शंका काय होती ते घरी अप्पांनी सांगितलं मला. राग आला होता. अजून थोडा आहे."

"असू दे."

"पुण्याहून फोन करते," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

हर्षद निघाला, तेवढ्यात पायरीवरच्या एका पोरानं अर्धं पान वर धरलं. दाढी नुकतीच फुटलेली, शर्टाची बाही गुंडाळलेली.

"सर, हे काय लिहिलंय? 'नमुना एकाच बाजूनं निवडला, तरी निष्कर्ष धाडसी आणि विचार स्वतःचा.' हे चांगलं की वाईट?"

हर्षदनं पान घेतलं. पस्तीस मार्क. "कशावर केला होतास?"

"आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या बायकांवर. दिवसाला किती काज होतात, आणि लाइट गेली की किती."

"मग विचारायला फक्त दिवसा गेला असशील. ज्या दिवसा घरी असतात त्याच भेटल्या. एकाच बाजूनं म्हणजे ते. बाकी चांगलं लिहिलंय रे. फार चांगलं लिहिलंय." त्यानं पान परत दिलं. "नाव काय तुझं?"

पोरानं त्याच्याकडे बघितलं. "सुफियान पटवेगार. तीन वर्षं तुमच्याच वर्गात आहे सर. तुम्ही सव्वीस दिले होते."

हर्षदनं लायब्ररीची पुस्तकं खाली ठेवली आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसला.

"फाइल आहे जवळ?"

सुफियाननं पिशवीतून काढली. हर्षदनं मांडीवर घेऊन उघडली.

"तुमची एसटी चुकंल सर. चाळीस पानं आहेत."

"दिसतंय," हर्षद म्हणाला आणि दुसरं पान उलटलं.